चुन्याची रेघ

आमच्या गल्लीची रुंदी कोणी ठरवली, असं लहानपणी मी आबांना विचारलं होतं. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांनी तंबाखू मळता मळता उत्तर दिलं, "कडब्याच्या गाडीनं."

तेव्हा मला ते कळलं नाही. कळायला चाळीस वर्षं लागली.

आमचं गाव रिसोडपासून पायी तासाभराच्या वाटेवर. नाव सांगत नाही. एक तर जे सांगणार आहे ते आमच्या भागातल्या कोणत्याही गावाला लागू पडेल. दुसरं म्हणजे यात ज्यांची चूक आहे त्यांत पहिला मीच आहे, आणि माझ्यापायी गावाचं नाव कशाला खराब करू?

कडब्यानं भरलेली बैलगाडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ज्वारीच्या पेंढ्या रचत रचत गाडी माणसाच्या डोक्याच्या वर जाते आणि दोन्ही बाजूंनी हात हात बाहेर येते. अशी गाडी गल्लीत शिरली, की बाया लेकरं ओढून दारात घेत. कोणी नवं घर बांधायला काढलं, की जाणती माणसं गोळा होत आणि एकच गोष्ट पाहत, भरली गाडी वळते का? वळत असेल तर पाया खोद. नसेल तर मागं सरक. कागद नाही, नकाशा नाही, इंजिनिअर नाही. गावाला माहीत असलेली सगळ्यात मोठी वस्तू हेच माप होतं.

असा एक न लिहिलेला आराखडा सगळ्या गावाला होता. घरांची पांढरी वेगळी, शेतीची काळी वेगळी. गावाच्या तोंडाशी आखर, तिथं सकाळी ढोरं जमायची आणि ढोरकी त्यांना ई-क्लासात चरायला न्यायचा. वावरात जायला पांदण. पाणी वाहायचं ते लवण मोकळं, त्यात कोणी घर बांधायचं नाही. मसणवटा पाण्याच्या खालच्या अंगाला.

जुन्याचं गुणगान करायचा मोह इथं होतो. मलाही होतो. पण खरं सांगायचं तर त्याच आराखड्यात एक वस्ती उताराला, सगळ्यांचं सांडपाणी जिकडं जातं तिकडं होती. तिची विहीर वेगळी होती. कोणी कुठं राहायचं हे तिथं राहणाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं. जुन्या माणसांना दूरचं दिसत होतं, यात शंका नाही. पण दूरचं दिसणं आणि न्यायानं पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा धडा पुढं कामी येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

1 जुलै 1998 ला अकोल्यातून फुटून आमचा वाशीम जिल्हा झाला. त्याच वर्षी उन्हाळ्यात मी घर बांधलं. मास्तरकीची नोकरी पक्की झालेली, सोसायटीचं कर्ज मिळालेलं, हातात पहिल्यांदा पैसा. जोत्यापुढं तीन फूट ओटा काढला आणि त्याला पायऱ्या. ओटा गल्लीतच होता. समोरच्यानं तर माझ्याआधीच काढला होता.

आबा तेव्हा होते. काठी टेकत आले, ओट्याकडं पाहून म्हणाले, "भरली गाडी वळायची नाई."

मी म्हणालो, "आबा, आता कडबा कोण आणते? सगळीकडं सोयाबीन झालं."

ते खोटं नव्हतं. ज्वारी मागं पडत होती, सोयाबीन पुढं येत होतं. सोयाबीनचा कडबा होत नाही. थ्रेशरमधून कुटार निघतं, ते वावरातच राहतं. बैलजोड्याही कमी होत चाललेल्या.

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कडबा नाई येणार. दुसरं काई येईन. काय येईन ते मले थोडीच माईत? म्हणूनच तं जागा सोडा लागते."

मी हसलो. नातू शिकलेला असला, की असं हसतो.

पुढं 2015 ला मी ग्रामपंचायतीचा सदस्य झालो. नोकरी संपली होती, चार लोकांनी म्हटलं, गुरुजी उभे राहा. त्याच काळात चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतींच्या खात्यात येऊ लागला, आणि त्यासाठी 'आमचं गाव, आमचा विकास' हा पाच वर्षांचा आराखडा करायचा होता. पद्धत चांगली होती. शिवारफेरी काढा, महिलांची सभा घ्या, वंचितांची सभा घ्या, मग ग्रामसभेत ठरवा. कागदावर इतकी चांगली पद्धत क्वचित सापडेल.

आम्ही काय केलं? तारीख जवळ आली तेव्हा एका रात्री पंचायतीच्या खोलीत बसलो. ज्यानं त्यानं आपल्या गल्लीचं काम सांगितलं आणि ते टाइप झालं. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, कमान, उंच खांबावरचा दिवा, गल्लोगल्ली सिमेंट रस्ता. शिवारफेरी झाली असं लिहिलं. सह्या केल्या. माझीही आहे, अक्षर सुंदर आहे.

आता विचार केला की वाटतं, ती यादी होती. आराखडा नव्हता. यादीत एका कामाचा दुसऱ्या कामाशी संबंध नसतो. आधी काय, मग काय, हा प्रश्नच यादी विचारत नाही. आराखडा मात्र हाच प्रश्न विचारतो. आधी नाली, मग नळाची लाइन, मग रस्ता. हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. नांगरटीआधी तो पेरत नाही. पण पंचायतीत बसला, की तोच माणूस आधी पेरतो आणि मग नांगर घालतो.

आमच्या गल्लीत रस्ता झाला. मोजणारा आला, ओट्यापासून ओट्यापर्यंत टेप धरला, मिळालं तेवढं माप लिहिलं. सिमेंट माझ्या ओट्याला येऊन टेकलं. तीन फुटांची माझी चूक सार्वजनिक पैशानं पक्की झाली. दोन वर्षांनी नळयोजनेचं काम आलं तेव्हा तोच रस्ता मधोमध फोडावा लागला. फोडणाऱ्यांना मी शिव्या दिल्या. पण लाइन येणार हे आम्हाला ठाऊक होतं आणि आम्ही थांबलो नव्हतो.

2018 च्या श्रावणातली गोष्ट. रात्री दीडच्या सुमारास माय उठली आणि पडली. तोंड एका बाजूला गेलेलं, शब्द फुटेना. पोरानं 108 ला फोन केला. गाडी आली, वेळेत आली. मारुतीच्या पारापाशी थांबली. पुढं शिरेना. ड्रायव्हर उतरला, बॅटरीनं गल्ली पाहिली आणि म्हणाला, "शिरली तं निघायची नाई, भाऊ. वळवू कुठं?"

आम्ही मायला बाजेवर घातलं. चौघांनी उचललं. पावसानं सिमेंट निसरडं झालेलं, फोडलेल्या जागी पाणी साचलेलं. बाज ओट्याला घासत, तिरपी करत नेली. त्यात किती मिनिटं गेली ते मोजलं नाही. त्या मिनिटांनी काही फरक पडला असता का, हे कोणी सांगू शकत नाही, डॉक्टरांनीही सांगितलं नाही. माय वाचली. उजवं अंग गेलं.

बाज उचलताना आबांचं वाक्य आठवलं असं मी म्हणणार नाही. तेव्हा काहीच आठवत नव्हतं. आठवलं ते आठ दिवसांनी, वाशीमला दवाखान्याबाहेर चहा पिताना. दुसरं काही येईन. ते आलं होतं, पांढऱ्या रंगाचं, दिवा लावून, आणि पारापाशी थांबलं होतं.

तेव्हापासून मी एका प्रश्नाशी झगडतो आहे. जे लोक आज सभेत नाहीत त्यांचं आपण काही देणं लागतो का?

ग्रामसभेत कोण असतं ते पाहा. गावात असलेले, घरातून निघू शकणारे, बोलायला न भिणारे. कोण नसतं? कामासाठी पुण्याला गेलेली पोरं नसतात, ज्यांना म्हातारपणी इथंच यायचं आहे. खालच्या वस्तीतली बाई नसते, आणि असली तरी मागं बसते. वीस वर्षांनी या गल्लीत ज्याला रात्री दीड वाजता गाडी लागणार आहे तो नसतो, कारण अजून तो धडधाकट आहे किंवा जन्मलाच नाही. निवडून आलेला माणूस पाच वर्षांत दिसेल ते करतो. तो वाईट असतो म्हणून नव्हे. मत देणारा डोळ्यांनी पाहतो आणि जमिनीखालची नाली डोळ्यांना दिसत नाही. तिच्यापाशी नारळ फुटत नाही. लांबचा आराखडा म्हणजे, माझ्या समजुतीप्रमाणे, गैरहजर माणसांची सभेतली खुर्ची आहे. ती आपण मांडली नाही, तर ते स्वतः येऊन मांडू शकत नाहीत.

यावर एकदा पारावर एकानं मला चांगलंच अडवलं. तो म्हणाला, "गुरुजी, तुमचं पेन्शन हाय. वीस वर्साचं तुमाले सुचते. आमाले या सालच्या तुरीचं सुचत नाई."

याला उत्तर द्यायला मला वेळ लागला. त्याचं म्हणणं नुसतं रागाचं नव्हतं. भुकेल्यापुढं पुढच्या पिढीची गोष्ट काढणं हा एक प्रकारचा उद्धटपणाच आहे. पण मग मी खालची वस्ती पाहिली. वरच्या गल्ल्यांत एकावर एक सिमेंटचे थर पडले, रस्ते उंबऱ्याला लागले. पाऊस पडला की पूर्वी जे पाणी मातीत जिरायचं, लवणातून निघायचं, ते आता सिमेंटवरून धावत थेट खाली जातं. लवणावर घरं झालीत. ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्यांच्याकडं ना पेन्शन आहे, ना तूर आहे. आराखडा नसल्याची किंमत वीस वर्षांनी द्यायची नसते, ती आजच दिली जाते, फक्त देणारा दुसरा असतो. उतारावरचा. आणि तो तिथं का आहे, हे वर सांगितलंच आहे.

शहरांसाठी या गोष्टीचा कायदा जुना आहे. महाराष्ट्राच्या 1966 च्या नगररचना कायद्यानं नगरपरिषदेला विकास योजना करावी लागते. रस्ता कुठून, शाळा कुठं, मैदान कुठं हे नकाशावर दाखवायचं, आणि वीस वर्षांतून एकदा तरी तो नकाशा नव्यानं तपासायचा. पुढं 1992 च्या 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीनं गावाला आणि शहराला स्वतःचं नियोजन स्वतः करायचा मान दिला, आणि दोघांचे आराखडे जुळवायला जिल्हा नियोजन समिती सांगितली. हे जुळवणं का लागतं ते रिसोडच्या बाजाराला जाताना दिसतं. वाशीमचा रस्ता घ्या, मेहकरचा घ्या, सेनगावचा घ्या. आधी वावरं होती, आता प्लॉट पडलेत. शहर कुठं संपतं आणि गाव कुठं सुरू होतं, हे फक्त कागदाला माहीत. पाण्याला माहीत नाही. वरच्या प्लॉटचं पाणी खालच्या शिवारात येतं, ते हद्द पाहून थांबत नाही.

पण नकाशा काढला म्हणजे न्याय झाला असं समजू नका. माझ्या एका नातलगाचं वावर दुसऱ्या जिल्ह्यात, एका शहराच्या कडेला होतं. विकास योजनेत त्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलं. मैदान हवंच होतं, त्यात वाद नाही. पण घ्यायला पैसा नव्हता. वर्षामागून वर्षं गेली. वावर विकता येईना, बांधता येईना, पोरीच्या लग्नाला गहाण ठेवता येईना. दहा वर्षं झाल्यावर कायद्यातल्या तरतुदीप्रमाणं त्यानं नोटीस दिली, मुदत गेली, आरक्षण उठलं, प्लॉट पडले. पोरांना मैदान मिळालं नाही आणि त्याची ती दहा-बारा वर्षंही कोणी परत दिली नाहीत. सगळ्यांच्या भल्याचा भार एकट्याच्या वावरावर टाकून बाकीचे मोकळे झाले, तर तो आराखडा आमच्या जुन्या गावासारखाच झाला, दूरचं पाहणारा पण न विचारणारा. म्हणून आराखड्याला तीन गोष्टी लागतात असं मला वाटतं. ज्याची जागा जाते त्याला आधी विचारणं, कामाला लागणारा पैसा आधी बाजूला ठेवणं, आणि चुकलं तर दुरुस्त करायची तारीख ठरवून ठेवणं.

पॅट्रिक गेडिस नावाचा एक स्कॉटिश माणूस 1914 ला भारतात आला आणि गावोगाव फिरून नगररचनेचे अहवाल लिहू लागला. 1918 चा त्याचा इंदूरचा अहवाल प्रसिद्ध आहे. तेव्हाच्या साहेबांची रीत जुनी वस्ती पाडून सरळ रस्ता काढायची. गेडिस त्याच्या विरुद्ध. आधी पायी फिरा, माणसं कशी राहतात ते पाहा, आणि मग अगदी लागेल तेवढंच काढा, इथला एक कोपरा, तिथली एक पडकी भिंत, म्हणजे गल्ली श्वास घेईल, असं त्याचं सांगणं. हे मी निवृत्तीनंतर वाचलं आणि वाटलं, आबा आणि हा गोरा एका पारावर बसले असते तर दोघांचं जमलं असतं.

आपल्या लोकांना नियोजन जमत नाही, असं कोणी म्हटलं की मी त्याला रथसप्तमीला डव्ह्याला घेऊन जातो. आमच्या शेजारच्या मालेगाव तालुक्यात नाथनंगे महाराजांची यात्रा भरते. पुरी-भाजीचा प्रसाद ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून वाढतात. गहू किती, तेल किती, कोणत्या रांगेतून कोणता ट्रॅक्टर, पाणी कोण देणार, सगळं आधी ठरलेलं. हजारो माणसं खाली बसतात आणि शेवटच्या पंगतीलाही पुरी मिळते. इतकं ज्यांना जमतं त्यांना नालीआधी रस्ता करू नये हे कळत नाही, असं कसं म्हणू? कळतं. तिथं आपण ते आपलं समजतो. इथं ते पंचायतीचं समजतो.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार सगळ्यांना माहीत आहे. पोपटराव पवार 1989 ला सरपंच झाले. तिथल्या कामातलं मला मोठं वाटतं ते बंधारे नव्हेत. बंधारे पुष्कळ गावांत आहेत. तिथं गावानं स्वतःला बांधून घेतलं, शेतीसाठी बोअर मारायचं नाही, ऊस लावायचा नाही, दरसाल पाणी मोजायचं आणि असेल तेवढ्यातच पिकं ठरवायची. आज आपल्याला मिळू शकतं ते उद्यासाठी न घेणं, आणि हे सगळ्यांनी मिळून, उघड सभेत ठरवणं. याला सरकारी भाषेत नियोजन म्हणतात. घरात याला शब्द देणं म्हणतात.

शब्द द्यायची पाळी माझ्यावरही आली. स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी होऊ लागली. ड्रोन उडायच्या आधी प्रत्येक मिळकतीभोवती चुन्याची रेघ मारायची होती, म्हणजे वरून हद्द दिसेल आणि पुढं घराची सनद निघेल. एका सकाळी कोतवाल आणि पंचायतीचा शिपाई चुन्याची बादली घेऊन आमच्या दारात उभे राहिले. शिपायानं विचारलं, "गुरुजी, रेघ ओट्याच्या बाहीरून मारू का आतून?"

समोरच्यानं बाहेरून मारून घेतली होती. तीन फूट, कायमची.

माय ओट्यावर खुर्चीत बसली होती. पडल्यापासून तिला बाहेरचं जग म्हणजे तो ओटाच. सकाळी उन्हाला तिथं बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याशी अर्ध्या शब्दांत बोलायची. ओटा सोडायचा तर तिनं बसायचं कुठं? एरवी तत्त्वज्ञान सांगणारा मी तिथं गप्प उभा राहिलो. शिपाई बादली हलवत होता. मायनंच डावा हात उचलला आणि आत दाखवला. "आतून," म्हणाली. तेवढा शब्द तिचा नीट निघायचा.

रेघ आतून मारली. घरात सगळ्यांना सांगून ठेवलं, माय आहे तोवर ओटा राहील, नंतर एक वर्षाच्या आत काढायचा, मी असो नसो. हाच आमच्या घरचा लांबचा आराखडा. दोन वर्षांनी माय गेली. पुढच्या मिरगाच्या आधी मी मजूर लावून ओटा काढला. विटा निघाल्या त्या खालच्या वस्तीतल्या एकानं उंबरा उंच करायला नेल्या. नेताना तो काही बोलला नाही, आणि मलाही काही बोलावंसं वाटलं नाही.

समोरचा ओटा अजून आहे. त्याच्याशी माझं भांडण नाही, त्याचीही म्हातारी त्यावर बसते. मागच्या महिन्यात गल्लीत रुग्णवाहिका आली. आमच्या दारापर्यंत आली, पेशंट घेतला आणि उलटी उलटी पारापर्यंत गेली.

भरली गाडी अजून वळत नाही. पण आत येते.